किनारा गेला, छावणी आली

हिंगोलीत पत्ता विचारला की उत्तरात फौज येते. रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. फौज १९०३ साली उठली, तिला आता सव्वाशे वर्षं होत आली, पण गल्ल्या अजून तिच्याच नावावर आहेत. ही फौज निजामाची होती असं म्हणतात. ते खरंही आहे आणि खोटंही. तिचा पगार निजामाच्या खजिन्यातून जायचा, हुकूम मात्र हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटाचा चालायचा. असलं दुधारी लष्कर इथे, कयाधूच्या काठी, का येऊन बसलं याचा माग काढत गेलं तर माणूस पोचतो बंगालच्या उपसागरावर, मच्छलीपट्टणच्या बंदरात.

हिंगोली आणि समुद्र हे दोन शब्द एका वाक्यात कुणी सहसा घेत नाही. सरळ रेषेत मोजलं तरी मुंबईचा किनारा साडेचारशे किलोमीटर, पूर्वेचा किनारा त्याहूनही लांब. पण पाण्याला वाट ठाऊक असते. कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, ते पाणी प्राणहितेतून गोदावरीत जातं आणि राजमहेंद्रीच्या खाली समुद्राला लागतं. ज्या किनाऱ्यावर ते पोचतं तो किनारा एके काळी हिंगोलीच्याच सरकारचा होता.

१७२४ च्या ऑक्टोबरात साखरखेर्ड्याच्या लढाईत निजामुल्मुल्कने मुबारिजखानाला मारलं आणि दख्खनचा कारभार हातात घेतला. साखरखेर्डा आज बुलढाणा जिल्ह्यात आहे. म्हणजे निजामाच्या राज्याचा जन्म हिंगोलीच्या शेजारचा. या राज्याला वारसाहक्काने गोवळकोंड्याचं जुनं बंदर मिळालं होतं, मच्छलीपट्टण. तिथे डच १६०५ मध्ये उतरले, इंग्रज १६११ मध्ये, फ्रेंच १६६९ मध्ये. छापील आणि रंगवलेली सुती कापडं, हे त्या बंदराचं सोनं. कलमकारी म्हणून आज ज्याला आपण प्रदर्शनात पैसे मोजतो तोच हा माल, इराणपासून जावा-सुमात्र्यापर्यंत जायचा.

निजामुल्मुल्क १७४८ मध्ये वारला आणि मुलानातवांत गादीसाठी कापाकापी सुरू झाली. फ्रेंचांनी एकामागून एक दावेदार उभे केले. शेवटी सलाबतजंग गादीवर बसला तो फ्रेंच सरदार बुसीच्या संगिनींवर. बुसीची फौज औरंगाबादेत तळ ठोकून होती आणि तिला दरमहा रोख पगार लागायचा. युरोपियन कवायती फौजेची गंमत हीच होती: ती लढाई जिंकून द्यायची, पण महिना भरला की हात पसरायची. आपल्याकडच्या शिलेदाराला दोन-चार महिने थोपवता यायचं, जहागिरीचा वायदा करता यायचा. कवायती पलटणीला वायदा चालत नाही. दिवाण सय्यद लष्करखानाने पगार थकवून फ्रेंचांना घालवायची चाल खेळून पाहिली. बुसीने ती उलटवली. १७५३ च्या अखेरीस औरंगाबादेत त्याने सलाबतजंगाकडून फौजेच्या खर्चापोटी चार सरकार, म्हणजे जिल्हे, लिहून घेतले. एलुरू, राजमहेंद्री, श्रीकाकुळम आणि कोंडपल्लीकडचा मुस्तफानगर, हे सगळे समुद्रकाठचे. मच्छलीपट्टण आधीच फ्रेंचांच्या हाती गेलं होतं. औरंगाबादेत बसून, मराठवाड्याच्या मातीवर, राज्याने आपला किनारा पगारात दिला.

पुढची पाच-सहा वर्षं फ्रेंचांनी किनारा उपभोगला. मग फ्रेंच सेनापती लालीने बुसीला परत बोलावलं, क्लाइव्हने बंगालहून कर्नल फोर्डला समुद्रमार्गे पाठवलं आणि एप्रिल १७५९ मध्ये फोर्डने रात्री हल्ला चढवून मच्छलीपट्टणचा किल्ला घेतला. सलाबतजंग फौजेसह जवळच होता. त्याने वारं ओळखलं आणि फोर्डशी तह केला. १७६५ मध्ये इंग्रजांनी दिल्लीच्या नामधारी बादशहाकडून या सरकारांचं फर्मान काढून आणलं, १७६६ मध्ये सलाबतजंगानंतर गादीवर आलेल्या निजाम अलीकडून तहाने त्यावर शिक्का घेतला. बदल्यात कंपनीने दरसाल पेशकश द्यायची, असं ठरलं. राहिलेला गुंटूरही १७८८ मध्ये गेला. निजामाला आता समुद्रावर पाय टेकवायला वीतभर वाळू उरली नाही. १८०२ च्या व्यापारी तहात कंपनीने मोठं मन करून मच्छलीपट्टण बंदर वापरायची मुभा निजामाला दिली, मालावर शेकडा पाच जकात ठरवली. आपल्याच घराच्या ओसरीवर भाड्याने बसण्याचा हा प्रकार होता.

इथून हिंगोलीची गोष्ट सुरू होते.

१८०३ साली असई, अडगाव, गाविलगड अशा लढायांत शिंदे-भोसले इंग्रजांकडून हरले. देवगावच्या तहानंतर वर्धेच्या पश्चिमेचं वऱ्हाड निजामाला मिळालं. राज्य वाढलं, पण उत्तरेची सीमा सांभाळायला निजामाची स्वतःची फौज कामाची नाही, असं रेसिडेंटाचं मत पडलं. १८११ मध्ये हेन्री रसेल रेसिडेंट म्हणून आला. त्याने हैदराबादेत इंग्रज अंमलदारांखाली कवायती पलटणी उभ्या केल्या, त्यांना रसेल ब्रिगेड म्हणत. वऱ्हाड-औरंगाबादकडे तसेच रिसाले आणि पायदळ तयार झालं. या सगळ्याला पुढे हैदराबाद कंटिंजंट हे नाव पडलं. बोलारम, औरंगाबाद, एलिचपूर, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, आणि हिंगोली अशा तिच्या छावण्या. १८१९ च्या जानेवारीत याच फौजेने मेजर पिटमनच्या हाताखाली नोव्ह्याच्या गढीत हटकर सरदार नौसाजी नाईकांना वेढलं आणि गढी घेतली. हिंगोलीची छावणी त्याच सुमारास पक्की झाली.

या फौजेचा पगार मात्र जुन्याच दुखण्यासारखा होता. दिवाणगिरीचा कारभार चंदूलालच्या हाती, खजिना रिकामा आणि पलटणीला महिन्याला रोख हवं. तेव्हा पुढे आली विल्यम पामर आणि कंपनी. पामरचा बाप इंग्रज सेनापती आणि आई मुसलमान बेगम. गंमत अशी की या पेढीने सुरुवातीला सरकारपुढे मांडलेला बेत सावकारीचा नव्हता. गोदावरीकाठच्या रानातलं सागवान तोडायचं, नदीतून समुद्रापर्यंत न्यायचं आणि जहाजबांधणीला विकायचं, असा तो बेत. लाकडापेक्षा पगार पुरवण्यात पैसा जास्त आहे हे त्यांच्या लवकरच ध्यानात आलं. औरंगाबाद आणि वऱ्हाडकडच्या पलटणींचा पगार पेढी आगाऊ भरू लागली, व्याज शेकडा पंचवीसच्या घरात. ब्रिटिश प्रजेने संस्थानिकांना कर्ज देऊ नये असा पार्लमेंटचा कायदा होता. १८१६ मध्ये गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने पामर कंपनीला त्यातून सूट दिली. पेढीतला एक भागीदार सर विल्यम रंबोल्ड, हेस्टिंग्जच्या पोटच्या मुलीसारख्या आश्रितेचा नवरा. बाकी वाचकाने समजून घ्यावं.

१८२० मध्ये मेटकाफ रेसिडेंट झाला आणि त्याने हे सगळं चव्हाट्यावर आणलं. कर्ज फेडायचं कसं? १८२३ मध्ये त्यावर जो तोडगा निघाला तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका कागद वाटतो. गेलेल्या किनाऱ्याबद्दल कंपनी निजामाला वर्षाला सात लाखांची पेशकश देत होती. ती पेशकश कायमची बंद करून कंपनीने एकरकमी पैसा दिला आणि त्यातून पामरची उधारी भागवली. पूर्वी एका फौजेच्या पगारात किनारा गेला होता. आता दुसऱ्या फौजेच्या पगारात त्या किनाऱ्याचं भाडंही गेलं. त्या दुसऱ्या फौजेचा एक तळ हिंगोलीत होता.

छावणीतला रोजचा जीव कसा होता हे फिलिप मेडोज टेलरने लिहून ठेवलंय. हा माणूस लिव्हरपूलचा, १८०८ चा जन्म. पंधरा-सोळाव्या वर्षी, १८२४ मध्ये, मुंबईतल्या एका इंग्रज व्यापाऱ्याकडे कारकुनी करायला म्हणून जहाजाने आला. आल्यावर कळलं की तो व्यापारीच डबघाईला आलाय. मग ओळखीपाळखीने निजामाच्या फौजेत नेमणूक मिळाली. १८३२ मध्ये त्याने लग्न केलं ते पामरच्याच मुलीशी. १८३९ साली आलेली त्याची ठगावरची कादंबरी इंग्लंडात गाजली आणि तिच्या प्रस्तावनेत हिंगोली आहे.

तो सांगतो ती हकिगत अशी. हिंगोलीच्या छावणीत हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता, टेलरचाही त्याच्याशी व्यवहार होता. एकदा त्याने जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे परवाना मागितला. मुंबईहून कापड आणायचंय, वाटेत नाकेवाल्यांनी अडवू नये म्हणून. परवाना मिळाला. हिंगोलीजवळच्याच एका गावचा व्यापारी मुंबईहून कापड घेऊन येतोय, ही खबर हरिसिंगाला आधीच होती. त्याने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना, बैल हाकणाऱ्यांना वाटेत मारलं आणि तोच माल सरकारी परवान्यावर हिंगोलीत आणून भर छावणीत विकला. पकडल्यावर त्याने स्वतःच हे मजेत सांगितलं नसतं तर कुणालाही पत्ता लागला नसता. छावणीच्या बाजारातच, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, या टोळीने माणसं मारली होती आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून पाचशे यार्डांवर पुरली होती. खड्डे उकरले तेव्हा टेलर स्वतः हजर होता.

ठगांबद्दल इंग्रज अंमलदारांनी बरंच वाढवून लिहिलं, असं आजच्या इतिहासकारांचं म्हणणं आहे आणि त्यात तथ्य आहे. कुठलीही वाटमारी ठगीच्या खात्यात घातली की खात्याचं वजन वाढायचं. पण या हकिगतीत माझं लक्ष जातं ते कापडाकडे. १८३० च्या आगेमागे मुंबई बंदरातला माल बैलांच्या पाठीवर हिंगोलीपर्यंत येत होता आणि तो विकत घ्यायला रोख पैसा असलेलं गिऱ्हाईक छावणीत होतं. पलटण जिथे बसते तिथे बंदर मागोमाग येतं. सदर बाजार त्याचीच खूण.

खरं तर समुद्र त्याआधीही घरोघरी येतच होता, मिठाच्या रूपाने. लमाणांचे तांडे घाटाखालून मीठ भरून आणायचे, परतीला धान्य न्यायचे. दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या गोण्या, शेकड्याने बैल, पुढच्या बैलाच्या गळ्यात घंटा, तांड्याबरोबर बायकापोरं आणि कुत्री. हिंगोली परिसरातले तांडे आज शेती करतात, ऊसतोडीला जातात, पण त्यांचे पूर्वज बंदर आणि बाजारपेठ यांमधली वाहतूक करणारे होते. मिठावरचा कर इंग्रज किनाऱ्यावरच वसूल करत. त्यामुळे निजामाच्या प्रजेतला माणूस, ज्याने इंग्रज कधी पाहिलाही नव्हता, तो भाकरीबरोबर इंग्रजांना कर देत होता.

कापसाचा प्रवास उलट्या दिशेने. वऱ्हाडचा कापूस पूर्वी बैलांवरून थेट मिर्झापूरला जायचा. तो मुंबईकडे वळवण्यात विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी भावांचा मोठा हात. हे मूळचे तारापूरचे, समुद्रकाठचे, कोकणातल्या जकातींचे मक्ते घेणारे. १८२५-२६ मध्ये त्यांनी सुमारे ५०० बैल भरून वऱ्हाडी कापूस मुंबईला नेला. पामर बुडाल्यावर निजामाला पैसे पुरवण्याचं कामही त्यांच्याकडे आलं, तारणात वऱ्हाडचा वसूल. १८४५ मध्ये चंदूलालनंतरच्या दरबाराने तो मुलूख परत ओढून घेतला, पेढी कोलमडली. बंदरातली जकात ओळखणाऱ्या माणसांना दरबार ओळखता आला नाही.

१८५३ मध्ये पुन्हा तेच नाटक, फक्त पात्रं बदलली. कंटिंजंटच्या पगारापोटी निजामाकडे त्रेचाळीस लाखांच्या आसपास थकबाकी आहे, असा हिशोब गव्हर्नर जनरल डलहौसीने काढला. कर्नल लो रेसिडेंट होता. नासिरुद्दौला निजामाने पुष्कळ आढेवेढे घेतले. मुलूख देणं आणि फौज मोडणं या दोन्हींत राजाची बेअब्रू आहे, असं तो म्हणत राहिला. २१ मे १८५३ ला तह झाला. ५००० पायदळ, २००० घोडदळ, चार तोफखाने इतकी फौज इंग्रजांनी ठेवायची आणि तिच्या खर्चासाठी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा मुलूख त्यांच्या हाती. बुसीने औरंगाबादेत किनारा लिहून घेतला त्याला शंभर वर्षं होत आली होती. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड गेलं ते गेलंच.

हिंगोलीसाठी याचा अर्थ एवढाच की रात्रीत ती सीमेवरचं गाव झाली. पैनगंगेपलीकडे वाशीम इंग्रजांचं, अलीकडे निजामाचं. तिकडे इंग्रजांचा कलदार रुपया, इकडे निजामाचा हाली. मधे करोडगिरीचे नाके. कापसाचं गाडं पलीकडे न्यायचं तर निजामाची जकात भरायची. जी फौज राखण्यासाठी वऱ्हाड तोडलं तिचा एक तळ मात्र निजामाच्याच हद्दीत, हिंगोलीत, तसाच राहिला.

आणि कापसाचे दिवस तेव्हाच आले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेतली बंदरं उत्तरेच्या आरमाराने अडवली, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. गादीतला कापूस उपसून विकल्याच्या गोष्टी मुंबईत त्याच काळात निघाल्या. प्रश्न एकच होता: पैनगंगा-वर्धेच्या खोऱ्यातला कापूस जहाजापर्यंत नेणार कसा? दोन उत्तरं होती. एक गोदावरीचं. सर आर्थर कॉटनच्या डोक्यात नद्यांतून नौका चालवण्याचं वेड होतं. त्याच्या प्रेरणेने कॅप्टन हेगने वर्धा-प्राणहिता-गोदावरीतले खडकाळ टप्पे बंधारे आणि कालवे घालून फोडायचं काम घेतलं. वऱ्हाडचा कापूस पाण्यातून काकिनाडा बंदराला पोचणार होता. कयाधूचं पाणी ज्या वाटेने जातं त्याच वाटेने कापूस. पैसे पाण्यासारखे खर्च झाले, मजूर तापाने आणि पटकीने मेले, वर्षातून काही महिने नदीत पुरेसं पाणीच नसायचं. १८७१ मध्ये सरकारने हे काम गुंडाळलं.

दुसरं उत्तर लोखंडाचं. बोरघाट १८६३ मध्ये, थळघाट १८६५ मध्ये फोडून जी. आय. पी. रेल्वे वर चढली, १८६७ मध्ये नागपूरला पोचली. मार्च १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने खामगावच्या फाट्याचं उद्घाटन केलं. चारच महिन्यांपूर्वी सुएझचा कालवा उघडला होता. हिंगोलीकडच्या शेतातला गावरानी कापूस आता बैलगाडीने वऱ्हाडातल्या स्टेशनावर, तिथून मुंबई, तिथून सुएझमार्गे टेलरच्या लिव्हरपूलला. भावाचा आकडा लिव्हरपूलहून तारेने यायचा आणि हिंगोलीतला अडत्या तो सावकाराला सांगायचा. शेतकऱ्याला तो किती उशिरा आणि किती कापून कळायचा, हे वेगळं सांगायला नको. हिंगोलीला स्वतःची रेल्वे मिळाली ती १९१२ च्या सुमारास, पूर्णेहून, मीटर गेजची.

तोवर छावणी गेली होती. ५ नोव्हेंबर १९०२ ला व्हाइसरॉय कर्झनने निजाम मीर महबूब अलीकडून वऱ्हाड वर्षाला २५ लाखांवर कायमच्या पट्ट्याने घेतलं आणि कंटिंजंट मोडून हिंदी फौजेत मिसळली. १९०३ मध्ये हिंगोलीचा तळ उठला. पलटणींना नवे आकडे मिळाले आणि मग दख्खनच्या पोटात राहायला म्हणून उभी केलेली ही फौज जहाजांवर चढली. कंटिंजंटची जुनी ५वी पलटण आता ९८वी होती. ऑक्टोबर १९१४ मध्ये ती मुंबईहून पूर्व आफ्रिकेला निघाली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला जर्मनांच्या टांगा बंदरावर हल्ला झाला. गोळीबाराने उठलेली मधमाश्यांची मोहळं शिपायांवर तुटून पडली, ९८वीला त्याचा जबर तडाखा बसला. संख्येने कितीतरी जास्त असून इंग्रजांचा तिथे फज्जा उडाला आणि फौज पुन्हा होड्यांत बसून माघारी फिरली. कंटिंजंटचा पहिला रिसाला, म्हणजे डेक्कन हॉर्स, १९१६ मध्ये फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर घोड्यांनिशी दौडला. पायदळाच्या पलटणींची पुढे १९वी हैदराबाद रेजिमेंट झाली, तिचंच नाव १९४५ मध्ये कुमाऊं रेजिमेंट झालं. राणीखेतच्या त्या रेजिमेंटची वंशावळ उलगडत गेलं तर ती इकडे येऊन थांबते, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

निजामाची समुद्राची भूक मात्र शेवटपर्यंत शमली नाही. इंग्रज जाणार हे दिसू लागल्यावर शेवटच्या निजामाला, उस्मान अलीला, पहिल्यांदा आठवलं ते बंदर. चारी बाजूंनी भारताने वेढलेलं स्वतंत्र राज्य बंदराविना टिकणार नाही, हे त्याचे सल्लागार ओळखून होते. पोर्तुगिजांकडून मुरगाव विकत किंवा भाड्याने मिळतंय का, याची चाचपणी झाली. ते जमलं नाही. मग १९४८ मध्ये सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानांतून चोरून शस्त्रं आणून बीदर-वरंगळला उतरवू लागला. जहाजाचं काम विमानाने भागवायचा तो प्रयत्न, त्यात किती माल येणार! १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, पाच दिवसांत हैदराबादने शस्त्रं खाली ठेवली.

आठ वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. तेलंगण आंध्रात गेलं, आणि हैदराबाद शहर व मच्छलीपट्टण सुमारे दोनशे वर्षांनी पुन्हा एका राज्यात आले. परभणी जिल्ह्याबरोबर हिंगोली मुंबई राज्यात आली. त्याच दिवशी वाशीमही त्याच राज्यात आलं, पैनगंगेवरची सरहद्द गेली. राजधानी अर्थातच बंदराचं शहर होतं.